तांदळाच्या कोठीतला कॅमेरा

देवानं माणसाला डोळे दिले तेव्हा सोबत माहितीपुस्तक दिलं नाही, हे फार बरं केलं. दिलं असतं तर आपण अजून ते वाचतच बसलो असतो, आणि बघायचं राहूनच गेलं असतं. सेतुमाधवन मास्तरांना हे शहाणपण सुचलं ते शारजाहून आलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचं पुस्तक उघडल्यावर. अर्धं पुस्तक अरबीत, अर्धं जपानीत. मधल्या पानावर नुसती चित्रं होती आणि त्यांतला माणूस कॅमेरा खांद्यावर घेऊन असा काही हसत होता, की जणू त्याला भाची नव्हती, बहीण नव्हती आणि शेजारी तर मुळीच नव्हते.

मास्तरांना हे सगळं होतं. भाचीचं, म्हणजे प्रसन्नाचं, लग्न चिंगम महिन्यात, म्हणजे श्रावणाच्या सुमारास, ठरलेलं. तिचे वडील शिवशंकरन शारजात अडकलेले. कंपनीनं पासपोर्ट कपाटात ठेवलेला आणि कपाटाची किल्ली मालकाच्या खिशात. रजा मागायला गेले तर मालक म्हणाला, "लग्न तुझं आहे का?" आता या प्रश्नाला माणूस काय उत्तर देणार! तेव्हा त्यांनी सुट्टीवर निघालेल्या एका गाववाल्याबरोबर कॅमेरा पाठवला आणि मागोमाग वर्कीच्चनच्या बेकरीत फोन केला. आळीत फोन तेवढाच होता.

"अळिया," शिवशंकरन म्हणाले. मेव्हणे एकमेकांना तिकडे असंच हाकारतात. "अळिया, स्टुडिओवाला अजिबात नको. तो सोनं काढतो, पानावरची केळी काढतो, मधेच बदामाच्या आकारात दोघांची डोकी बसवतो. मला त्यातलं काही नको. गळ्यात मंगळसूत्राची ताली बांधताना माझ्या पोरीचा चेहरा मला दिसला पाहिजे. बाकी नाही दिसलं तरी चालेल. तुम्ही भौतिकशास्त्र शिकवता, तुम्हाला भिंग कळतं. माझ्यासाठी एवढं करा."

भिंग कळतं, हे खोटं नव्हतं. मास्तरांनी अख्खी नोकरी फळ्यावर बहिर्वक्र भिंग काढण्यात घालवली होती. त्यातून ते किरण पार करायचे आणि ते किरण पलीकडे एका बिंदूत भेटायचेच. एकही किरण आजवर चुकला नव्हता. फळ्यावर.

कॅमेरा ओसरीवर आणला तो दिवस त्याच्या आधीच्या कर्किडकम महिन्यातला, धो धो पावसाचा. तरी आळी लोटली. बेकरीवाला वर्कीच्चन घड्याळ घालून आला. कॅमेऱ्यात वेळही दिसते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. शेजारचे कुट्टप्पन सुबेदार मिशीला तेल लावून, छाती काढून उभे राहिले. मास्तरांची बहीण विशालाक्षी प्रसन्नाला घेऊन आली. मास्तरांनी कॅमेरा खांद्यावर घेतला, एका डोळ्यानं आत पाहिलं. मग त्यांनी भिंगावरची कडी डावीकडे फिरवली. उजवीकडे फिरवली. पुन्हा डावीकडे फिरवली.

"काय दिसतंय, एट्टा?" विशालाक्षीनं विचारलं. दादाला ती एट्टा म्हणायची.

"हवामान," मास्तर म्हणाले.

टीव्हीला जोडून पाहिलं तर सगळेजण ताकात पडल्यासारखे. कोण माणूस आणि कोण खांब, कळायला मार्ग नाही. सुबेदार मात्र पडद्याकडे बघून हरखले. "मी बॉर्डरवर होतो ना, तिकडे पहाटे शत्रू अस्साच दिसायचा," ते म्हणाले. त्यांना ते चित्र फारच आवडलं होतं.

मास्तर कागद घेऊन बसले. वस्तूचं अंतर, प्रतिमेचं अंतर, नाभी. गणित सुटलं, ताक काही फाटेना. तेवढ्यात वर्कीच्चननं निदान केलं. "मास्तर, ही दमट हवा आत शिरलीय. माझ्या बेकरीत बिस्किट मऊ पडलं की मी काय करतो? डबा तांदळात ठेवतो. तांदूळ दमटपणा असा ओढून घेतो, की बिस्किट दातावर वाजलं पाहिजे."

"कॅमेरा काय बिस्किट आहे?" सौदामिनी म्हणाली. ही मास्तरांची बायको. कमी बोलायची, पण बोलली की पुढचं वाक्य कुणाला सुचायचं नाही. "आणि त्या कोठीतले तांदूळ मी शिजवते."

पण शास्त्रापुढे बायकोचं काय चालणार! तांदूळ पाणी शोषतो, हे मास्तरांना पटलं होतं. कॅमेरा जुन्या मुंडूत, म्हणजे नेसायच्या पांढऱ्या धोतरात, गुंडाळून तांदळाच्या कोठीत गेला. पुढचे काही दिवस सौदामिनी माप भरायला कोठी उघडायची तेव्हा कॅमेऱ्याला आधी बाजूला सारायची, जशी झोपलेल्या मांजराला सारावं.

बाहेर काढला तेव्हा तो कोंड्यानं माखला होता. सगळे पुन्हा जमले. टीव्ही लावला. तेच ताक! विशालाक्षीचा चेहरा पडला. आणि मग, काय सांगावं, त्या ताकातून एक हत्ती चालत आला.

हत्तीच म्हणायचा. सोंड होती, पाठीवर खवले होते, सहा पाय होते आणि एकेका पायावरची लव मोजून घ्यावी इतकी स्वच्छ दिसत होती. तो पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून निघाला, सुबेदारांच्या धूसर पोटावरून चढला आणि त्यांच्या मिशीपाशी जाऊन विचार करत उभा राहिला. वर्कीच्चननं छातीवर क्रूस काढला. विशालाक्षी किंचाळली.

"सोंडकिडा आहे," सौदामिनी म्हणाली. "तांदळातला. म्हटलं नव्हतं मी?" आणि ती भिंगावर फडकं मारायला पुढे झाली.

"थांब!" मास्तर इतक्या जोरात ओरडले की सुबेदार सावधान उभे राहिले. "कुणी त्याला हात लावू नका! तो अतिथी आहे!"

मास्तर भारावून पडद्याकडे बघत होते. किडा बसलाय भिंगाच्या काचेवर. तो दिसतोय स्वच्छ. म्हणजे हे भिंग आंधळं नाही! त्याची नजर तेवढी स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर खिळलीय. त्यांनी कॅमेरा उचलून फिरवून पाहिला. भिंगाच्या बुडाशी एक खटका होता आणि त्यावर फुलाचं इवलंसं चित्र होतं. मास्तरांनी आजवर ते शोभेचं समजून सोडून दिलं होतं. फुलं जवळून काढायचा खटका तो! बांधाबांधीत कुणाचा तरी अंगठा लागून तो सरकला असणार. मास्तरांनी तो मागे लोटला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि कडी हलकेच फिरवली.

अहाहा! आधी अंगणातल्या फणसाला पानं फुटली. मग पलीकडे सुबेदारांच्या कुंपणाला एक एक काटकी आली. मग नदी आली. निळा नावाची ती नदी, पावसानं फुगलेली, आणि तिच्या पलीकडच्या तीरावरचा माड, आणि त्या माडावरचा भिजलेला कावळा, आणि मास्तर शपथेवर सांगायला तयार होते, त्या कावळ्याच्या चोचीवरचा थेंब. त्यांनी कॅमेरा वळवला तर चौकटीत सौदामिनी आली. तिच्या हनुवटीखाली एक बारीक तीळ होता. हा तीळ आपण लग्नात पाहिला होता, हे त्यांना आत्ता आठवलं.

"काय बघताय एवढं?" ती म्हणाली.

"काही नाही. सगळंच," मास्तर म्हणाले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तांदळातून नुसता किडा येत नाही, कोंडाही येतो. कडी फिरवली की जात्यावर दळल्यासारखा कर्र आवाज यायचा आणि चित्र धक्क्याधक्क्यानं पुढे जायचं. मास्तर शाळेत गेले होते त्या दुपारी सुबेदार आले आणि ओसरीवर एकटा बसलेला कॅमेरा बघून त्यांच्यातला सैनिक जागा झाला. रायफल असो, शिवणयंत्र असो, दाराची बिजागरी असो, तेल घातलं की चालतं, हा त्यांचा अनुभव होता. त्यांनी आपल्या घरातलं खोबरेल आणलं आणि कडीच्या फटीत चांगलं सढळ हातानं सोडलं.

कडी लोण्यासारखी फिरू लागली. मास्तरांना वाटलं, कोंडा आपोआप निघाला. निसर्गाचे चमत्कार! पण केरळात खोबरेल एका जागी कधी राहिलंय? डोक्यावर घालावं तर गळ्यावर येतं. ऊन पडलं तसं ते पातळ होऊन भिंगाच्या पोटात उतरलं आणि जाऊन बसलं नेमकं आयरिसवर. आयरिस म्हणजे भिंगाच्या पोटातली बाहुली. उजेड वाढला की तिनं मिटायचं, अंधारलं की उघडायचं, तेही आपलं आपण. ती आता सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखी वागू लागली. माणूस येऊन निघून गेला की उघडायची. घरातून अंगणात आलं की चित्र दुधासारखं पांढरंफटक. मग बऱ्याच वेळानं ती मिटू लागायची ती मिटतच जायची, आणि भर दुपारी तिन्हीसांजा व्हायच्या.

"तेल कुणी घातलं?" मास्तरांनी आळीसमोर विचारलं.

"आधी सांगा, कडी फिरते की नाही?" सुबेदार म्हणाले.

मास्तर कॅमेरा मांडीवर घेऊन बसनं एर्नाकुळमला गेले. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसानं कॅमेरा हातात घेतला आणि डोळ्याला लावायच्या आधी नाकाला लावला.

"खोबरेल?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी मान खाली घातली. त्यानं आतून दोघांना हाक मारली. त्यांनीही वास घेतला. "घाण्याचं आहे," त्यांतला एक जाणकार म्हणाला. "चांगल्या घरचं दिसतंय."

"बिल?" पहिल्यानं विचारलं.

"शारजात आहे."

"मग कॅमेराही शारजाला न्या."

"अहो, ज्याचा आहे त्याला तिथून येता येत नाही म्हणून तर कॅमेरा इथे आलाय."

"वॉरंटीचं कार्ड?"

मास्तरांनी कार्ड पुढे केलं. त्यानं ते सरळ धरलं, उलटं धरलं. "काय लिहिलंय यावर?"

"मला अरबी येत नाही."

"मलाही नाही. मग मी हे मान्य कसं करू? उद्या यावर 'तेल घालू नये' असं लिहिलेलं निघालं तर?" तो माणूस तसा सज्जन होता. मास्तरांचा चेहरा बघून म्हणाला, "ठेवून जा. मद्रासला पाठवतो. ओणम झाला की चौकशी करा."

लग्न ओणमच्या आधी होतं. मास्तरांनी कॅमेरा उचलला. मुलांना भौतिकशास्त्रात नापास करताना आपल्याला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं, असं त्यांना परतीच्या बसमध्ये वाटून गेलं. शेजारचा प्रवासी सारखा वास घेत होता आणि शेवटी त्यानं विचारलंच, "आत खोबरेलात तळलेले केळ्याचे वेफर्स आहेत का?"

रविवारी सकाळी मास्तरांनी ओसरीवर स्वच्छ चादर अंथरली. वर्कीच्चनकडून घड्याळाचे बारीक स्क्रू काढायचं हत्यार आणलं, दवाखान्यातून स्पिरिट आणलं आणि कोंबडीचं एक मऊ पीस आणलं. सौदामिनीला आरसा धरून बसवलं. अंगणातलं ऊन तिनं आरशावर घेऊन भिंगाच्या पोटात पाडायचं. शेजाऱ्यांना कुंपणाच्या आत यायला बंदी होती. सुबेदार कुंपणाबाहेरून सूचना देत होते. मास्तरांनी पुढची काच उतरवली आणि दोघांनी वाकून आत पाहिलं.

आत काळ्या, तलम पाकळ्या होत्या. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, एकीवर एक तिरक्या रेललेल्या, आणि त्यांच्या मधोमध एक छोटंसं भोक. तेलानं त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. मास्तरांनी पीस स्पिरिटमध्ये बुडवून एकेका पाकळीवरून फिरवलं. मग त्यांनी बॅटरी जोडली. सौदामिनीनं आरसा हलवला, ऊन आत पडलं, आणि त्या सगळ्या पाकळ्या एकदम, आवाज न करता, मिटल्या. तिनं आरसा बाजूला घेतला. त्या उघडल्या.

"अगं बाई," सौदामिनी म्हणाली. तिनं पुन्हा ऊन पाडलं, पुन्हा काढलं. "हे तर श्वास घेतंय हो."

डोळ्याचा धडा मास्तरांनी इतकी वर्षं शिकवला होता. बाहुली लहान होते, मोठी होते, हे ते दर वर्षी सांगायचे आणि पोरं दर वर्षी लिहून घ्यायची. आत्ता त्यांनी मान वर करून बायकोच्या डोळ्यांत पाहिलं. आरशातलं ऊन तिच्या गालावर पडलं होतं आणि तिच्या बाहुल्या, कुणी न सांगता, बारीक होत होत्या. हे आयुष्यभर समोर चाललं होतं आणि आपण फळा पुसत होतो! मास्तरांना गहिवरून आलं. त्यांनी भिंग पुन्हा जोडलं. शेवटी एक स्क्रू उरला. उरतोच. ज्याचा उरला नाही, त्यानं काही उघडलेलंच नसतं.

आता रंगीत तालीम. विशालाक्षीच्या अंगणात दिवा मांडला आणि सगळ्यांना लग्नाच्या कपड्यांत बोलावलं. म्हणजे काय, तर पुरुष पांढऱ्या मुंडूत आणि बायका जरीकाठाच्या पांढऱ्या साड्यांत. मास्तरांनी चित्रण केलं, टीव्हीला लावलं. साड्या झकास, सुरकुतीन् सुरकुती मोजावी. जरीचा काठ लखलखीत. आणि काठाच्या वर, जिथे माणसाचं तोंड असतं, तिथे नुसता काळोख.

"कपडे लग्नाला आलेत," वर्कीच्चन म्हणाला. "माणसं यायचीत अजून."

"एट्टा!" विशालाक्षी रडकुंडीला आली. "हिच्या बापाला काय साडी पाठवायची? त्यांनी तोंड दिसू दे म्हटलंय ना?"

प्रसन्ना पडद्यावरच्या आपल्या काळोख्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि मग उठून आत गेली. तेवढंच मास्तरांना लागलं. त्या रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना उमगलं. बिघाड कुठेच नव्हता. बाहुली बिचारी प्रामाणिक होती. समोर एवढं पांढरं दिसलं की तिला वाटायचं, केवढा हा उजेड, आणि ती मिटून घ्यायची. तिला काय ठाऊक, कुणी कपडे बघायला आलेलं नाही! वर्कीच्चननं सुचवलं की सगळ्यांनी गर्द हिरवं नेसावं. त्यावर विशालाक्षीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बेकरी उघडी राहिली म्हणून निघून गेला. मग एकच उपाय उरला. बाहुलीचं आपोआप चालणं बंद करायचं आणि हातानं ती उघडायची, चेहरा उजळेपर्यंत. साड्या दुधात विरघळल्या तर विरघळू द्यायच्या. मास्तर रोज संध्याकाळी सौदामिनीला पांढऱ्या साडीत भिंतीशी उभी करायचे आणि एक हात फोकसच्या कडीवर, दुसरा आयरिसच्या कडीवर ठेवून पुटपुटायचे, "कपडे जाऊ देत. चेहरा धर. कपडे जाऊ देत. चेहरा धर." सौदामिनी ऐकत उभी राहायची. चुलीवर सांबार उतू जायचं.

राहता राहिली देवळाची परवानगी. देवस्वमच्या, म्हणजे देवळाच्या कारभाराच्या, अधिकाऱ्यानं अर्ज वाचला, परत वाचला, आणि म्हणाला, "मंडपात पुरुषानं अंगावर शिवलेलं घालायचं नाही. चामडंही चालत नाही."

"मी सदरा काढूनच येणार."

"तुमचं नाही म्हणत. कॅमेऱ्याचं म्हणतोय. त्याचं हे आवरण शिवलेलं आहे आणि पट्टा चामड्याचा आहे."

"पण कॅमेरा पुरुष कशावरून?" सोबत आलेल्या सुबेदारांनी मुद्दा काढला.

अधिकारी विचारात पडला. "चालवणार मास्तर ना? मग पुरुषच." मास्तरांनी तिथल्या तिथे आवरण उतरवलं, पट्टा सोडला आणि कॅमेरा ओल्या मुलासारखा पंच्यात गुंडाळून घरी आणला.

लग्नाच्या दिवशी देवळात लग्नांची रांग होती. तिकडचं लग्न म्हणजे लांबण नाही. सनईसारखं नादस्वरम् वाजलं, ताली बांधली, हार घातले, मुलीचा हात मुलाच्या हातात दिला, संपलं. चहा निवायच्या आत माणूस संसाराला लागतो. इथे चुकलं तर सुधारायला दुसरा क्षण नाही. उघड्या अंगानं, कॅमेरा पंच्यानं खांद्याला बांधून, मास्तर समईच्या पलीकडे उभे ठाकले. वर्कीच्चन ख्रिस्ती असल्यानं फाटकाबाहेर सगळ्यांच्या चपला राखत उभा होता. प्रसन्ना येऊन बसली. मास्तरांनी डोळा लावला, बाहुली हातानं उघडली, साडी विरघळत गेली, आणि त्या दुधातून तिचा चेहरा वर आला. कपाळ, भुवया, पापण्यांच्या टोकांवरचं काजळ. किती स्वच्छ! मास्तरांना वाटलं, शिवशंकरन, बघा, बघा आता!

"मुलीचे वडील?" भटजींनी विचारलं.

"शारजात," विशालाक्षी म्हणाली.

"मग मामा कुठाय? ताली मुलाच्या हाती कोण ठेवणार? मुलीचा हात कोण देणार?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मास्तरांनी कॅमेऱ्याआडून डोळा काढला. अख्खं घर आणि दोन शेजारी महिना-दीड महिना भिंगापायी झिजले होते. किड्याचा विचार झाला, तेलाचा झाला, कॅमेरा पुरुष की बाई याचा झाला. पण वडील नसले की हात मामानं द्यायचा असतो, आणि मामाला हात दोनच असतात, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं!

"मी? पण मी तर इथे..." मास्तर म्हणाले.

मागून पुढच्या लग्नाचं वऱ्हाड ओरडलं, "आटपा हो! आमचा मुहूर्त टळतोय!" नादस्वरम्‌वाल्यानं गाल फुगवून ठेवले होते, त्याला आता आवरेना. प्रसन्नानं मान वर करून मामाकडे पाहिलं. सुबेदार एक पाऊल पुढे आले. "द्या इकडे, मी सांभाळतो," ते म्हणाले, आणि त्यांच्या हातांना अजून खोबरेलाचा वास येत होता.

"नाही!" मास्तर कळवळून म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या खांद्यावरच्या पंच्याची गाठ सोडली. सौदामिनी होती. तिनं कॅमेरा उचलून आपल्या पदरावर घेतला.

"अगं, आयरिस..."

"माहीत आहे."

"अगं, फोकस..."

"जा म्हणते ना."

"परवानगी मास्तरांच्या नावावर आहे!" देवस्वमचा अधिकारी खांबाआडून ओरडला.

"माझ्यामागेही तेच नाव लागतं," सौदामिनी म्हणाली, आणि तिनं डोळा लावला.

पुढचं मास्तरांना धड आठवत नाही. विड्याच्या पानावर ताली होती, ती त्यांनी मुलाच्या हाती ठेवली. नादस्वरम् द्रुत झालं, बायकांनी तोंडानं उलूउलू करत कुरवा घातला, नवरदेवाच्या बहिणीनं प्रसन्नाची वेणी उचलून धरली. मास्तर सगळ्यांत जवळ उभे होते आणि त्यांना भाचीचा चेहरा तेवढा दिसला नाही. केसांतली जाई दिसली. मग तिचा हात त्यांच्या हातात आला. गार पडला होता. तो त्यांनी मुलाच्या हातात दिला आणि खाली उतरले, तर त्यांच्या जागी पुढच्या मुलीचा मामा उभाही राहिला होता.

संध्याकाळी सगळे टीव्हीपुढे बसले. कॅसेट लागली. चेहरा. प्रसन्नाचा चेहरा, पडदाभर. थोड्या वेळानं, चेहरा. समई नाही, मंडप नाही, नवरदेवाचा एक कान मधेच येऊन गेला तेवढाच.

"आणि ताली?" विशालाक्षी ओरडली. "अंगावरचं एवढं सोनं?"

"मी कुठाय?" सुबेदारांनी विचारलं. "मी मुद्दाम डावीकडे उभा होतो."

"मला 'कपडे जाऊ देत' एवढंच येत होतं," सौदामिनी दारातून म्हणाली.

आणि मग पडद्यावर नादस्वरम् द्रुत झालं. प्रसन्नाची मान खाली होती. मानेमागे गाठ बसत असणार, कारण ती किंचित दचकली. मग तिनं हळूच डोळे उचलले. आधी ते गर्दीत भिरभिरले, जिथे वडील उभे असायला हवे होते तिथे गेले, तिथे थांबले. आणि मग ते वळले आणि सरळ भिंगात आले. तिला आठवलं होतं, ते कुठे आहेत. ती भिंगाकडे बघून हसली, आणि दूरच्या प्रवासाहून बाप घरी आल्यावर पोर जशी मान हलवते तशी तिनं मान हलवली.

सोनं, ताली, सुबेदार, सगळं राहून गेलं. मास्तर पडद्याकडे बघत होते. समुद्राच्या पल्याड बसलेला माणूस आणि ही पोर, यांच्यामध्ये बोटभर काच, आणि ती दोघं एकमेकांना बघतायत! हे कुठल्या फळ्यावर काढायचं? मास्तरांना एवढंच सुचलं, की उठून सौदामिनीला खुर्ची द्यावी. त्यांनी ती दिली.

कॅसेट शारजाला गेली. दिवस उलटले. मग एका दुपारी वर्कीच्चन धावत आला, "फोन! फोन!" आणि मास्तर मुंडू सावरत बेकरीत पोचले.

"अळिया," पलीकडून आवाज आला.

"बोला. पाहिलंत?"

मागे नुसती पुष्कळ माणसांची कुजबुज ऐकू येत होती. खोलीतले सगळे फोनभोवती जमलेले असावेत. दिसलं नसेल? वाटेत कॅसेट खराब झाली?

"अळिया," शिवशंकरन शेवटी म्हणाले, "तिच्या कपाळावरचं चंदन डावीकडे गेलं होतं. जरासं. कुणी सरळ करायचं की नाही? तिची आई काय करत होती?" आणि मग त्यांना पुढे बोलवेना. फोन दुसऱ्या कुणीतरी घेऊन खाली ठेवला.

"काय म्हणाले?" वर्कीच्चननं विचारलं.

"चंदन वाकडं लागलं होतं म्हणतात."

"काय माणूस आहे!" वर्कीच्चन भडकला. "एवढं सगळं करून तक्रारच?"

"तक्रारच," मास्तर म्हणाले. ते हसत होते आणि पंच्यानं डोळे पुसत होते.

घरी सौदामिनी सुपात तांदूळ निवडत बसली होती. मास्तरांनी तिला सांगितलं. तिचे हात थांबले.

"डावीकडेच होतं," ती म्हणाली. "मी सारखी तेच बघत होते. वाटत होतं, कॅमेरा खाली ठेवावा आणि जाऊन पुसून द्यावं."